पद्मिनीच्या ब्रेकचे बारीकसारीक पार्ट कसे शोधायचे

प्रीमियर पद्मिनीचे, म्हणजे जुन्या फियाटचे ब्रेक खोलणं काही अवघड नाही, चारही चाकांना ड्रमच (ज्याच्या आतून ब्रेक शू दाबतात ते गोल भांडं) आहेत, दमछाक होते ती चिल्लर वस्तू शोधताना. ब्रेक सिलेंडरमधले रबरी कप (सील), डस्ट कव्हर, ब्लीडिंग निपल (ब्रेकमधली हवा काढायचा स्क्रू), तांब्याचे वॉशर, स्प्रिंगा.

आधी एक, दोन्ही बाजूंचे ड्रम एकदम खोलू नका. एक बाजू पूर्ण लावून झाली की मगच दुसरी, कारण कुठली स्प्रिंग कुठल्या भोकात होती ते रात्री आठवत नाही आणि फोटोत नेमका तोच कोपरा काळा आलेला असतो.

जुना पार्ट फेकायचा नाही, खिशात घालून दुकानात न्यायचा. नुसतं "फियाटचा कप द्या" म्हटलं की दुकानदार हाताला लागेल ते काढतो आणि वर "चालेल हो, बसेल". त्या "चालेल"वर जाऊ नका. सिलेंडरचा बोअर, म्हणजे आतला व्यास, व्हर्नियरने (बारीक माप घ्यायच्या पट्टीने) मोजा, १९.०५ मिमी म्हणजे पाऊण इंच, २२.२ म्हणजे सात अष्टमांश, आणि बऱ्याचदा कपावरच साईज लिहिलेली असते. निपल हाताने दोन-तीन आटे सहज गेला नाही तर पाना लावूच नका, आटे गेले की सिलेंडरच गेला. ब्रेक शू परत ओढणारी स्प्रिंग मोकळी असताना वेढ्यांमध्ये फट दिसली तर ती ताणलेली आहे, परत द्या.

दुकानं कुठे? मुंबईत ऑपेरा हाऊस आणि कुर्ल्याचा सीएसटी रोड, पुण्यात नाना पेठ, आणि बुधवार-रविवारी जुना बाजार. २०२३ च्या ऑक्टोबरमध्ये मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सी बंद झाली, म्हणजे रोजचं गिऱ्हाईक गेलं, तेव्हा मिळतंय तोवर दोन सेट उचला. पण फक्त लोखंडाचे. रबर साठवून ठेवू नका, आणि जुन्या बाजारातून तर अजिबात नको, सीलबंद पाकिटातलं असलं तरी कपाची कड दुमडून बघा, बारीक चिरा दिसतात.

आणि आपण त्याला ब्रेक ऑइल म्हणतो पण ते तेल नाही, आणि कपाच्या रबराला पेट्रोल-तेल चालत नाही. माझ्या गाडीचे नवेकोरे कप एका गॅरेजमध्ये पेट्रोलने धुतले, फुगले, आणि चाक जाम. कप ब्रेक ऑइलनेच धुवायचे.

सिलेंडरला आतून खड्डे पडलेत आणि नवीन कुठेच मिळत नाही? मग चांगला लेथवाला गाठून आत स्टेनलेसची स्लीव्ह (पातळ नळी) बसवून घ्या, बोअर मूळ मापाचाच ठेवायला सांगा, नाहीतर कप शोधायला परत पहिल्यापासून सुरुवात.