फेज्ड अ‍ॅरेचं नॉइज टेंपरेचर गरम-थंड पद्धतीनं कसं मोजायचं

फेज्ड अ‍ॅरे म्हणजे अनेक छोट्या अँटेना (एलिमेंट) एकत्र जोडून एका दिशेला, म्हणजे बीममध्ये, पाहणारी अँटेना. तिच्या रिसीव्हरनं स्वतः घातलेला नॉइज केल्विनमध्ये सांगितला की ते नॉइज टेंपरेचर. एलएनएच्या (अँटेनाला जोडलेल्या कमी-नॉइज अ‍ॅम्प्लिफायरच्या) डेटाशीटवर २० केल्विन लिहिलंय म्हणून अ‍ॅरेचा बीमही २० केल्विनचाच असेल, असं धरू नका. प्रत्येक एलएनएच्या इनपुटमधून थोडा नॉइज उलटा अँटेनाकडे जातो, शेजारच्या एलिमेंटमध्ये शिरतो आणि बीमफॉर्मरमध्ये (सर्व एलिमेंटचे सिग्नल जिथे एकत्र होतात तिथे) मूळ नॉइजला येऊन मिळतो. तो किती मिळेल हे वेट्सवर, म्हणजे बेरजेआधी प्रत्येक एलिमेंटच्या सिग्नलला ज्यानं गुणतात त्या आकड्यांवर, ठरतं. म्हणून बीम वळवला की नॉइजही बदलतो, आणि आकडा बीमचाच मोजावा लागतो.

गरम-थंड पद्धतीत तापमान माहीत असलेले दोन स्रोत (लोड), एक गरम आणि एक थंड, अँटेनासमोर आणून मिळणाऱ्या शक्तीची तुलना करतात. १.४ गिगाहर्ट्झच्या आसपासच्या अ‍ॅरेसाठी थंड लोड म्हणजे डोक्यावरचं निरभ्र आकाश. आकाशगंगेचा पट्टा आणि सूर्य टाळले, तर ते ५ ते ६ केल्विन भरतं. गरम लोड म्हणजे संपूर्ण अ‍ॅरे झाकणारा आरएफ अ‍ॅब्झॉर्बर (रेडिओ लहरी शोषणारा पदार्थ). त्याचं तापमान थर्मामीटरनं मोजून लिहा, अंदाजानं नको. अ‍ॅरेभोवती बाहेरच्या बाजूला कललेल्या धातूच्या भिंती उभ्या करा, कारण बीमची १ टक्का शक्ती जमिनीकडे गेली तरी थंड लोडमध्ये ३ केल्विन वाढतात.

रिसीव्हर चालू करून अर्धा तास तापू द्या. मग थंड, गरम, पुन्हा थंड या क्रमानं नोंदी घ्या. दोन्ही थंड नोंदी जुळल्या नाहीत तर गेन सरकला आहे. तो संच टाकून द्या. प्रत्येक वेळी सर्व एलिमेंटची कोव्हेरियन्स मॅट्रिक्स (एलिमेंटच्या प्रत्येक जोडीचे सिग्नल एकमेकांशी किती जुळतात याचा तक्ता) साठवा. १ मेगाहर्ट्झचा चॅनेल १ सेकंद नोंदवला की शक्तीतली अनिश्चितता ०.१ टक्क्यावर येते. मोबाइल किंवा उपग्रहाचे सिग्नल असलेले चॅनेल आधीच वगळा.

वेट्ससाठी बीमच्या दिशेला, पुरेशा अंतरावर, एक छोटा प्रक्षेपक ठेवा. तो चालू असतानाच्या मॅट्रिक्समधून बंद असतानाची वजा करा. फरकाच्या सर्वात मोठ्या आयगेनव्हॅल्यूचा आयगेनव्हेक्टर म्हणजे सिग्नल व्हेक्टर. त्याला थंड मॅट्रिक्सच्या व्यस्तानं गुणलं की सर्वोत्तम सिग्नल-नॉइज गुणोत्तराची वेट्स मिळतात. गरम आणि थंड दोन्ही नोंदींना हीच वेट्स लावा. वाय (गरम आणि थंड शक्तींचं गुणोत्तर) सर्वात मोठा येईल अशी वेट्स शोधण्याचा मोह होतो, पण अ‍ॅब्झॉर्बर सगळीकडून दिसतो. त्यामुळे आकडा सुंदर येतो आणि बीम भलतीकडेच पाहत असतो!

वाय म्हणजे गरम शक्ती भागिले थंड शक्ती, डीबीत नव्हे, साध्या गुणोत्तरात.

रिसीव्हरचं नॉइज टेंपरेचर = (गरम लोडचं तापमान − वाय × थंड लोडचं तापमान) ÷ (वाय − १)

गरम लोड २९७ केल्विन, थंड लोड ७ केल्विन आणि वाय ७.१७ असेल तर उत्तर ४० केल्विन.

आता चुका कुठे होतात ते पाहा. गरम लोडवर साखळीतला एखादा अ‍ॅम्प्लिफायर ०.१ डीबीनं जरी दबला (जास्त शक्तीमुळे त्याचा गेन कमी झाला) तरी ४० चे ४१.३ दिसतात. मधे १ डीबीचा अ‍ॅटेन्युएटर (सिग्नल कमी करणारा भाग) घालून पाहा. वाय बदलला तर दबणं नक्की. थंड लोड खरा १० केल्विन असताना ७ धरला तर उत्तर ३.५ केल्विननं फुगतं. सगळ्यात महाग पडतो तो एलएनएच्या आधीचा लॉस. कनेक्टर आणि केबलमध्ये ०.१ डीबी गेला की जवळपास ७ केल्विनची भर पडते, आणि ती पुढं कितीही गेन दिला तरी परत मिळत नाही. त्यामुळे एलएनए एलिमेंटच्या फीडलाच जोडा.

एवढं करूनही आकडा जास्तच आला, तर एलएनए ५० ओमला नव्हे, अ‍ॅरेच्या अ‍ॅक्टिव्ह इम्पीडन्सला (सगळे एलिमेंट एकत्र चालू असताना एलएनएला दिसणाऱ्या इम्पीडन्सला) जुळवलाय का ते तपासा.