घाबरण्याच्या तयारीने हसायला जावे: भय-विनोदी चित्रपट कसे पाहावेत

तान्ह्या पोळ्याच्या दिवशी नागपुरात महाल-इतवारी भागातून मारबतीची, म्हणजे इडापिडा घेऊन जाणाऱ्या भल्यामोठ्या बाईच्या पुतळ्याची, मिरवणूक निघते, तेव्हा काळ्या मारबतीचा अक्राळविक्राळ चेहरा पुढे सरकताना पाहून आईच्या कडेवरचे मूल तोंड लपवते, आणि मागोमाग येणाऱ्या बडग्या नावाच्या पुरुषी पुतळ्यावर महागाईची किंवा पुढाऱ्यांची उडवलेली टर वाचून तीच आई खळखळून हसते. ‘इडा पिडा घेऊन जा गे मारबत’ या आरोळीत धाकही असतो आणि दंगाही. १८८० च्या दशकापासून चालत आलेली ही रीत ज्याने रस्त्याच्या कडेला उभे राहून पाहिली आहे, त्याला भय आणि विनोद एकत्र गुंफणारा चित्रपट कसा पाहावा हे अर्धे आधीच कळलेले असते. उरलेले अर्धे सवयीने येते. ती सवय कशी लावावी, ते येथे सांगतो आहे.

अशा चित्रपटाला घाबरण्याच्या तयारीने जावे, ही त्यातली सर्वांत महत्त्वाची गोष्ट होय. विनोद आणि भीती या दोहोंची घडण एकच आहे: प्रेक्षकाला कशाची तरी वाट पाहायला लावायची, ती वाट ताणायची आणि मग अपेक्षेपेक्षा वेगळेच काही पुढे ठेवायचे. अंधाऱ्या जिन्यावर पाऊल वाजते, आपण श्वास रोखतो, खांदे आखडतात, आणि त्या क्षणी पडद्यावरचा मित्र चपलेचा जोड हरवल्याची तक्रार करतो. तेव्हा फुटणारे हसू त्या वाक्याचे कमी आणि आपल्याच आखडलेल्या शरीराचे जास्त असते. जो प्रेक्षक ‘हा तर विनोदी चित्रपट’ असे ठरवून पहिली वीस मिनिटे शेजाऱ्याशी बोलण्यात घालवतो, त्याच्याजवळ ताणच साठत नाही, आणि मग सुटायलाही काही उरत नाही. त्यामुळे पहिली वीस मिनिटे जपावीत. मी स्वतः त्या वेळेत फोन बंद ठेवतो आणि खाण्याचे पुडे आधीच फोडून घेतो.

त्याच वीस मिनिटांत बहुतेक वेळा भुताचा नियम सांगितला जातो, आणि तो नीट ध्यानात ठेवणे हे या प्रकारातले खरे कसब आहे. अमर कौशिक यांच्या ‘स्त्री’ (२०१८) मध्ये मध्य प्रदेशातील चंदेरी गावात उत्सवाच्या चार रात्री ‘स्त्री’ नावाचे भूत पुरुषांना हाक मारते, आणि घराच्या भिंतीवर ‘ओ स्त्री कल आना’ असे लिहिलेले असेल तर परत जाते. कर्नाटकात दारावर ‘नाळे बा’, म्हणजे ‘उद्या ये’, असे लिहिण्याची जी दंतकथा आहे, तिच्यातून हे सुचलेले आहे. हा नियम डोक्यात पक्का असला की चित्रपटातला मोठा विनोद उलगडतो: अंधार पडल्यावर घराबाहेर जाऊ नये, ही एरवी मुलींना मिळणारी ताकीद येथे धडधाकट पुरुषांना मिळते आणि ते ती निमूटपणे पाळतात. येथे भूत हास्यास्पद होत नाही, हास्यास्पद होतात ती माणसे. आणि माझ्या मते चांगल्या भय-विनोदी चित्रपटाची हीच खूण आहे. ज्यात भुताचीच खिल्ली उडवली जाते, तो अर्ध्या वाटेतच बसतो.

नियम आपल्या मातीतला असेल तर चित्रपट पाहण्यापूर्वी घरातल्या वडीलधाऱ्यांना त्या भुताविषयी अवश्य विचारावे. आदित्य सरपोतदार यांचा ‘मुंज्या’ (२०२४) कोकणात घडतो, पण पिंपळावरचा मुंजा विदर्भातल्या आजीलाही ठाऊक असतो: मुंज झालेला, पण सोडमुंज होण्याआधीच गेलेला मुलगा. हे ऐकून बसलेल्या प्रेक्षकाला पडद्यावरचे ते लग्नाचा हट्ट धरणारे पोर एकाच वेळी भयंकर, केविलवाणे आणि विनोदी वाटते. विचारायला बसलात की रात्री शेतात माणसाला पहाटेपर्यंत गोल गोल फिरवणाऱ्या चकव्याची गोष्टही निघतेच, आणि ती संध्याकाळ चित्रपटाइतकीच रंगते.

आता आवाजाविषयी थोडे विस्ताराने सांगायला हवे, कारण नागपुरात घरी चित्रपट पाहणाऱ्याचा रसभंग बहुधा येथेच होतो. भीतीचे प्रसंग शांततेवर उभे असतात. दाराची कडी, श्वास, लांबून येणारी कुजबुज ऐकू आली, तरच त्यानंतरचा दणका अंगावर येतो. मे महिन्यात मात्र खोलीत डेझर्ट कूलर घरघरत असतो, त्यामुळे आपण टीव्हीचा आवाज वाढवतो, कुजबुज तरीही ऐकू येत नाही आणि दणका तेवढा कानठळ्या बसवतो; मग भीतीऐवजी चीड येते. पंचेचाळीस अंशांत कूलर बंद करा असे मी कोणालाही सांगणार नाही. उन्हाळ्यात हे चित्रपट चित्रपटगृहातच पाहावेत किंवा हेडफोन वापरावेत, आणि घरच्या बैठकीसाठी डिसेंबर-जानेवारीच्या रात्री राखून ठेवाव्यात. दिवे मालवावेत, पांघरूण जवळ घ्यावे आणि आवाज एकदा ठरवला की रिमोटला हात लावू नये.

सोबत तीन-चार जण असावेत आणि त्यांतला एक तरी सहज दचकणारा असावा, कारण त्याची किंकाळी सगळ्यांना मोकळे करते. मात्र त्याची थट्टा चित्रपट संपेपर्यंत थांबवावी. ज्याने चित्रपट आधी पाहिला आहे त्याने ‘आता बघ’ हे दोन शब्द कटाक्षाने टाळावेत. चित्रपटगृहात भरलेला खेळ निवडावा. एकाचे हसू दुसऱ्याला लागते, भीतीचेही तसेच. मात्र मोठ्या हशात पुढचे वाक्य बुडते, तेव्हा हसतानाही नजर पडद्यावर ठेवावी. रात्रीचा खेळ सुटल्यावर थंडीत टपरीवर चहा घेत कोण कुठे दचकले याची उजळणी करणे हा मला या अनुभवाचाच भाग वाटतो.

लहान मुले सोबत असतील तर प्रमाणपत्र आधी पाहावे. २०२४ च्या नियमांनुसार यूए प्रमाणपत्रावर ७, १३ किंवा १६ वर्षे असा टप्पा दिलेला असतो.

कोठून सुरुवात करावी, असे भित्र्या मंडळींनी विचारले तर मी महेश कोठारे यांच्या ‘झपाटलेला’ (१९९३) कडे बोट दाखवतो. रामदास पाध्ये यांच्या बाहुल्यातला तात्या विंचू आणि त्याच्यापुढे लक्ष्मीकांत बेर्डे यांची उडणारी गाळण यांत हशा पुढे आणि भीती मागे असते. त्यानंतर डोंबिवलीत झोंबी आणणारा सरपोतदारांचाच ‘झोंबिवली’ (२०२२), मग ‘मुंज्या’ आणि ‘स्त्री’ असा क्रम ठेवावा.

हे सारे पचले की जॉन लँडिस यांचा ‘ॲन अमेरिकन वेअरवुल्फ इन लंडन’ (१९८१) पाहावा, कारण त्यात हशामुळे भीती जराही कमी होत नाही. माणसाचा लांडगा होण्याचा प्रसंग तेथे अंधारात लपवलेला नाही. दिवे लागलेल्या बैठकीच्या खोलीत, मागे गोड गाणे चालू असताना, हाडे लांबत जातात. मेकअपसाठी ऑस्करचा स्वतंत्र विभाग सुरू झाला, तेव्हा तो पहिलाच पुरस्कार या कामासाठी रिक बेकर यांना मिळाला. हा प्रसंग दोनदा पाहावा: एकदा पूर्ण आवाजात आणि एकदा आवाज बंद करून. दुसऱ्या वेळी ते गाणे नसते आणि पडद्यावर केवळ वेदना उरते. पहिल्या वेळी ओठांवर आलेले अवघडलेले हसू त्या गाण्याने आणले होते, हे तेव्हा लक्षात येते.