माळ्यावरच्या पेट्या वर्गात आणायच्या तर

आमच्या छोट्या संस्थेचा हिशेब मी सांभाळते. मोफत संगीतवर्ग म्हटलं की सगळे आधी हॉल शोधतात. मी म्हणते, आधी वाद्यं शोधा. कितीतरी घरांत पेटी, म्हणजे हार्मोनियम, माळ्यावर पडून असते; सोसायटीच्या फलकावर चिठ्ठी लावा.

पण येईल ती पेटी घेऊ नका. भाता भरा आणि एकही पट्टी न दाबता थांबा. भाता झरझर मिटला तर हवा गळतेय. मग प्रत्येक सूर वाजवून बघा. एकीत मला उंदराचं घरटं सापडलं होतं, चिंध्यांसकट! तबल्याची शाई, म्हणजे मधला काळा गोल, उडाली असेल तर नव्या पुडीचा, म्हणजे वरच्या कातड्याचा, खर्च धरूनच हो म्हणा.

वाद्य कपाटात कुलूपबंद ठेवू नका. वहीत नोंद करून, थोडी अनामत घेऊन घरी द्या. आठवड्याच्या एका तासात हात बसत नाही.

शिकवणाऱ्याला मानधन द्याच. आमचा पहिला वर्ग ‘सेवा म्हणून’ चालला आणि पावसाळ्यात बंद पडला.

परीक्षा ऐच्छिक ठेवा. विष्णु दिगंबर पलुस्करांनी १९०१ मध्ये लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं. त्याच परंपरेतल्या अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळाची ‘प्रारंभिक’ ही पहिली पायरी. मुलांना प्रमाणपत्राची ओढ असते. आमच्या साठीपुढच्या काकूंना मात्र भजनाला साथ करता आली की झालं. त्यांना भूप रागापासून सुरुवात करून द्या, अलंकारांनी, म्हणजे सूरांच्या पलट्यांनी, छळू नका.