चिपळुणात राहायला येताय? आधी घरामागची भिंत बघा

मी मूळचा साताऱ्याचा, इथे येऊन अठरा वर्षं झाली तरी शेजारचे काका अजून 'आमचे घाटावरचे' असंच म्हणतात, असो. मासे कुणाकडे घ्यायचे, लाईट कधी जाते ते तुम्हाला आपोआप कळेल, पण उतारावरचं घर घेत असाल तर व्ह्यू नंतर बघा, आधी मागची रिटेनिंग वॉल, म्हणजे उताराची माती अडवून धरणारी भिंत बघा.

कोयनेचे हादरे इथे अधूनमधून जाणवतात. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटेचा मोठा धक्का साडेचारच्या आसपासचा होता, म्हातारी माणसं अजून सांगतात. आता होतं काय, जमीन हलली की भिंतीमागची माती पाचरीसारखी पुढे येते, भिंत बोटभर बाहेर सरकते आणि मागे पडलेल्या फटीत माती घसरून बसते, म्हणजे भिंतीला परत जायला जागाच नाही, पुढच्या झटक्याला अजून बोटभर. नीट बांधलेली भिंत थोडी कलून का होईना बहुतेक वेळा उभी राहते, वाट लागते ती न ठोकलेला भराव आणि त्यात पाणी साठलेलं असेल तेव्हा. तीन मीटर पाणी मागे तुंबलं तर दर मीटर लांबीला साडेचार टनांचा रेटा नुसत्या पाण्याचा, हादरा वेगळाच!

माझ्याच भिंतीची मागचं पाणी बाहेर पडायला ठेवलेली भोकं गवंड्याने फिनिशिंग चांगलं दिसेल म्हणून प्लास्टरने बुजवली, मी पण मान डोलावली, दुसऱ्या पावसात भिंतीला पोट आलं. मग फोडाफोड, मागे खडी, नवीन पाईप, खर्च विचारू नका.

म्हणून घर बघायला जुलैत या, डिसेंबरात सगळंच छान दिसतं. भोकांतून स्वच्छ पाणी ठिबकत असेल तर बरं, लाल गढूळ येत असेल तर मागची माती वाहून चाललीय. भर पावसात भोकं कोरडी असतील तर जास्त घाबरा. वरच्या अंगाला भिंतीला समांतर भेग दिसतेय का बघा, आणि पाण्याची टाकी अगदी भिंतीच्या काठावर ठेवलेली असेल तर ती आधी मागे घ्यायला लावा. जुने गडगे, म्हणजे नुसते दगड रचलेल्या भिंती, मात्र बिनसिमेंटचे, पाणी आरपार जातं, पण जोराच्या हादऱ्यात वरचे दगड सुटतात, त्याला टेकून बाईक लावू नका.

राहायला आलात की ओळंबा सोडा, वरच्या आणि खालच्या चिऱ्यापाशी दोरीचं अंतर मोजून खिळ्याने तिथेच कोरून ठेवा, दरवर्षी गणपतीनंतर परत. माझ्याकडे नऊ वर्षांचे आकडे आहेत, बायको म्हणते पोरांची उंची कधी अशी मांडली नाहीत तुम्ही.