कनेक्शन बंद करताना प्रोग्राम अडकतो? आधी बघा, कोण कोणासाठी थांबलंय

मे महिन्यातली दुपार, देवगडजवळची हापूसची बाग, पॅकिंगची शेड. पेट्या भरून झालेल्या, पेंढा पायाखाली, टेम्पोवाला हॉर्न देतोय. लॅपटॉपवर मी लिहिलेला छोटा प्रोग्राम चालू. दिवसाच्या पेट्यांची यादी वाशीतल्या गाळ्यावरच्या सर्व्हरला पाठवायची, बेरजेची पावती घ्यायची आणि बंद व्हायचं, एवढंच त्याचं काम. यादी गेली. पावती येईना आणि प्रोग्रामही बंद होईना. बागवाले काका पंचा झटकत म्हणाले, "अरे, ह्यां बंदच होणा नाय. वायर काढू काय?"

मी आधी रेंजला शिव्या घातल्या. रेंज व्यवस्थित होती, चूक माझी होती. तेव्हापासून असा प्रोग्राम अडकला की मी ठरलेल्या क्रमानं बघतो. तोच क्रम इथे लिहितोय.

त्याआधी कनेक्शन बंद कसं होतं ते समजून घेऊ. आपल्याकडे पाहुणा "येतो हां" म्हणतो, यजमान "बरं, या" म्हणतात, पण तेवढ्यानं निरोप संपत नाही. खळ्यात उभं राहून यजमानांचं अजून काहीतरी सांगायचं असतंच. टीसीपीचं, म्हणजे दोन यंत्रांनी नेटवर्कवर बोलायच्या नियमांचंही तसंच आहे. एक बाजू ‘फिन’ पाठवते, म्हणजे "माझं बोलून झालं". दुसरी बाजू पोच देते, पण तिला बोलत राहायची मुभा असते. तिचं संपलं की तीही फिन पाठवते आणि पहिली बाजू पोच देते. दोन्हीकडून "येतो" झाल्याशिवाय निरोप पुरा होत नाही. प्रोग्राम अडकतो तो बहुतेक वेळा या दोन "येतो"च्या आधी किंवा मध्ये.

म्हणून पहिलं काम म्हणजे कनेक्शनची अवस्था बघणं. लिनक्सवर ‘एसएस’ ही कमांड घ्या आणि तिला डॅशपुढे टी, ए, एन, पी ही अक्षरं जोडा. विंडोजवर ‘नेटस्टॅट’ला ए, एन, ओ जोडा. आपल्या पोर्टची, म्हणजे कनेक्शनच्या दार-नंबरची ओळ शोधा आणि अवस्थेचा रकाना वाचा.

‘क्लोज-वेट’ दिसलं तर समोरचा "येतो" म्हणून मोकळा झालाय आणि आपल्या प्रोग्रामनं अजून सॉकेट (कनेक्शनचं आपल्याकडचं टोक) बंद केलेला नाही. दोष इकडचा. ही अवस्था वेळ गेला म्हणून आपोआप सुटत नाही. ‘फिन-वेट-२’ दिसलं तर आपण बंद केलंय, पोचही आलीय, पण समोरच्याचं फिन यायचंय. तिकडच्या माणसाला फोन लावा. ‘एस्टॅब्लिश्ड’ दिसलं तर निघायचं अजून कोणी म्हटलेलंच नाही. आमच्या शेडमध्ये हेच दिसत होतं.

यावर विश्वास बसत नसेल तर घरच्या घरी करून बघा. लिनक्सच्या एका टर्मिनलवर ‘नेटकॅट’ हा कनेक्शन जोडून बघायचा छोटा प्रोग्राम ऐकायला बसवा, दुसऱ्यावरून त्याला जोडा. आता ऐकणाऱ्याला कंट्रोल-झेडनं झोपवा आणि दुसऱ्याला कंट्रोल-सीनं मारा. लगेच ‘एसएस’ चालवलंत तर एका ओळीत क्लोज-वेट आणि दुसऱ्या ओळीत फिन-वेट-२ दिसेल. झोपलेल्या प्रोग्रामच्या वतीनं पोच कर्नलनं, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्यानं दिली. फिन-वेट-२ वाल्या सॉकेटला आता कोणी मालक उरला नाही, म्हणून लिनक्स त्याला साधारण ६० सेकंदांनी आवरून टाकतं. क्लोज-वेट मात्र तसंच पडून राहतं. जेवून आलात तरी तिथेच.

दुसरं काम, प्रोग्राम कर्नलला काम सांगायला हाक मारतो, त्यातल्या नेमक्या कुठल्या हाकेत थांबलाय ते बघणं. लिनक्सवर ‘एसट्रेस’ला प्रोसेसचा नंबर द्या. ‘रीड’ किंवा ‘रिसीव्ह’वर थांबला असेल तर तो डेटाची वाट बघतोय. ‘फ्युटेक्स’ दिसलं तर नेटवर्क सोडा, बहुधा एक थ्रेड (एकाच प्रोग्राममधला कामाचा एक धागा) दुसऱ्यासाठी खोळंबलाय. खुद्द ‘क्लोज’मध्येच थांबला असेल तर प्रकरण वेगळं, त्याकडे पुढे येतो.

आता आमच्या शेडमधली गाठ, कारण सगळ्यात जास्त वेळा भेटते ती हीच. सर्व्हर यादी वाचत होता आणि ‘डेटा संपला’ असं कळेपर्यंत, म्हणजे माझं फिन येईपर्यंत वाचत राहणार होता. मी पावती वाचायला बसलो होतो आणि पावती मिळाल्याशिवाय सॉकेट बंद करणार नव्हतो. "आधी तू, आधी तू" करत दोघेही दारात. त्यावर औषध एका ओळीचं: यादी पाठवून झाली की ‘शटडाउन’ बोलावून फक्त लिहिण्याची बाजू मिटवायची. वाचण्याची बाजू उघडी राहते, सर्व्हरला "संपलं" कळतं, पावती येते, मग ‘क्लोज’. याहून चांगला मार्ग म्हणजे यादीच्या सुरुवातीलाच किती बाइट येणार ते सांगणं. मग संपल्याची खूण म्हणून फिनची वाट बघावीच लागत नाही. एचटीटीपीमध्ये, म्हणजे वेबच्या बोलण्यात, कनेक्शन पुढच्या मागणीसाठी उघडं ठेवतात, म्हणून तिथे ‘सर्व्हर बंद करेपर्यंत वाच’ असं लिहिलंत तर हमखास लटकाल.

दोन्ही बाजूंचा कोड बरोबर वाटतोय आणि ‘क्लोज’ बोलावूनही फिन जात नाही? मग सॉकेटची दुसरी प्रत शोधा. ‘फोर्क’ केल्यावर, म्हणजे प्रोग्रामनं स्वतःची नक्कल चालू केल्यावर, त्या नकलेकडे म्हणजे मुलाकडेही तोच सॉकेट उघडा असतो आणि शेवटची प्रत मिटेपर्यंत फिन निघत नाही. ‘शटडाउन’ प्रती मोजत बसत नाही, लगेच फिन पाठवतं. थ्रेडचंही असंच. एक थ्रेड वाचत थांबलेला असताना दुसऱ्यानं ‘क्लोज’ केलं तर लिनक्सवर पहिला जागा होईलच असं नाही. आधी ‘शटडाउन’ करा, तो उठेल, मग ‘क्लोज’.

‘क्लोज’मध्येच अडकण्याचं कारण बहुधा ‘लिंगर’ हा पर्याय असतो. एरवी ‘क्लोज’ लगेच परततं आणि उरलेला डेटा कर्नल मागून पाठवत राहतो. लिंगर चालू असेल तर डेटा पोचेपर्यंत किंवा ठरवलेली मुदत संपेपर्यंत ते थांबतं. मग काही जण मुदत शून्य करतात. प्रोग्राम झटकन बंद होतो खरा, पण निरोप न घेता ‘रीसेट’ जातो आणि वाटेतला डेटा गेला. पावतीच्या कामात हे मला अजिबात पटत नाही.

टाइम-वेटच्या ओळी बघून घाबरू नका. तो रोग नव्हे, आधी बंद करणाऱ्या बाजूनं उशिरा येणाऱ्या पाकिटांसाठी थोडं थांबणं आहे. १९८१ च्या मूळ टीसीपी मानकाच्या हिशेबानं ते ४ मिनिटं होतं, लिनक्स ६० सेकंद धरतं. सर्व्हर पुन्हा सुरू करताना ‘पत्ता वापरात आहे’ अशी तक्रार आली तर ‘रीयूज-अ‍ॅड्रेस’ लावा.

राहिला पावसाळा. वीज जाते, थोड्या वेळानं टॉवरची बॅटरीही संपते आणि समोरचा फिन न पाठवताच गायब होतो. नुसतं वाचत बसलेल्या प्रोग्रामला हे कधीच कळत नाही. समोरचा जिवंत आहे का ते अधूनमधून चाचपणारं ‘कीप-अलाइव्ह’ मुळात बंद असतं. चालू केलं तरी लिनक्सवर पहिली चाचपणी ७२०० सेकंदांनी, म्हणजे २ तासांनी होते आणि मग ७५ सेकंदांच्या अंतरानं ९ वेळा. पाठवलेल्या डेटाची पोच येत नसेल तर कर्नल सुमारे १५ मिनिटं पुन्हा पुन्हा पाठवून मग नाद सोडतो. एवढा वेळ टेम्पो थांबत नाही. म्हणून प्रत्येक वाचनाला स्वतःची मुदत घाला. मी ३० सेकंद ठेवतो.

मुदत संपली की यादी पुन्हा पाठवायची, पण आधीची पोचली होती की नाही हे आपल्याला ठाऊक नसतं. म्हणून प्रत्येक यादीला नंबर द्या आणि तोच नंबर परत आला तर सर्व्हरनं नुसती जुनी पावती द्यावी. आमच्याकडे हे नंबर नव्हते तेव्हा एकदा ४० पेट्या दोनदा चढल्या होत्या. काकांनी ती गोष्ट आंबे संपून फणस सुरू झाले तरी सोडली नव्हती.