लांब पल्ल्याच्या ट्रकवर चालक म्हणून जाण्यापूर्वी करायचा हिशेब

लांब पल्ल्याच्या मालट्रकवर चालक म्हणून जाऊ पाहणाऱ्या तरुणाला सर्वप्रथम महिन्याच्या पगाराचा आकडा सांगितला जातो, आणि निर्णय घेण्यासाठी तोच आकडा सर्वांत कमी उपयोगाचा असतो. रस्त्यावरचा सगळा खर्च वजा जाता घरी किती पैसे पोहोचतात, आणि ते घराबाहेर काढलेल्या किती रात्रींच्या मोबदल्यात पोहोचतात, हे दोन आकडे शेजारी शेजारी मांडल्याशिवाय या व्यवसायाची किंमत कळत नाही.

सुरुवात लायसन्सपासून होते. अवजड मालवाहनाचे लायसन्स मिळवण्यासाठी हलक्या वाहनाचे लायसन्स किमान एक वर्ष जुने असावे लागते, वयाची २० वर्षे पूर्ण असावी लागतात, आणि वैद्यकीय प्रमाणपत्राबरोबर मान्यताप्राप्त ड्रायव्हिंग स्कूलचे प्रमाणपत्रही जोडावे लागते. आठवी उत्तीर्ण असण्याची अट मात्र २०१९ मध्ये काढून टाकण्यात आली. आरटीओचे शुल्क फारसे नाही. खर्च होतो तो प्रशिक्षणावर, आणि त्याहून जास्त त्यानंतरच्या काळावर, कारण नव्या लायसन्सवाल्याच्या हाती भरलेली गाडी कोणताही मालक लगेच देत नाही. क्लिनर किंवा जोडीचा चालक म्हणून कमी पैशांत काढावे लागणारे हे महिने प्रवेशाच्या खर्चातच धरले पाहिजेत. एक सोय मात्र आहे. सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२४ मध्ये दिलेल्या निकालानुसार हलक्या वाहनाच्या लायसन्सवर ७,५०० किलोपर्यंत एकूण वजनाचे मालवाहन चालवता येते. त्यामुळे अवजड लायसन्सची वाट पाहण्याचे वर्ष छोट्या टेम्पोवर कमावत काढता येते, आणि माझ्या मते ते तसेच काढावे. मालाची चढ-उतार, बिल्टी (मालाबरोबरची वाहतूक पावती), पोच (माल मिळाल्याची सही) आणि नाक्यावरचे व्यवहार तिथे कमी जोखमीत शिकता येतात.

यानंतर पगाराची पद्धत नीट समजून घ्यावी. कोणी महिना ठरवून वर रोजचा भत्ता देतो, कोणी किलोमीटरवर पैसे देतो, तर कोणी संपूर्ण फेरीची रक्कम उक्ती हातात ठेवतो आणि डिझेल, टोल व वाटखर्च भागवून उरेल ते चालकाचे, असे ठरवतो. पुढील आकडे केवळ हिशेबाची रीत कळावी म्हणून घेतले आहेत. त्यांच्या जागी आपल्याला सांगितलेले आकडे घालावेत. समजा, पगार १८,००० रुपये आणि भत्ता दिवसाला ४०० रुपये आहे. महिन्यात २६ दिवस गाडीवर गेले, तर हातात २८,४०० रुपये येतात. ढाब्यावरचे दोन वेळचे जेवण आणि चहा यांवर दिवसाला ३०० रुपये धरले, तर ७,८०० रुपये जातात. आंघोळ, कपडे आणि फोन यांचे १,५००, घरी जाण्यायेण्याचे १,५००, आणि उतरवताना माल कमी भरल्याबद्दल किंवा तुटफुटीबद्दल कापले जाणारे २,००० धरले, तर शिल्लक १५,६०० रुपये उरते. चाकणच्या एखाद्या कारखान्यात १७,००० रुपयांवर टेम्पो चालवून रोज संध्याकाळी घरी परतणाऱ्या माणसाचा जाण्यायेण्याचा आणि दुपारच्या जेवणाचा खर्च २,५०० रुपये धरला, तर त्याच्याजवळ १४,५०० रुपये उरतात. फरक १,१०० रुपयांचा, म्हणजे घराबाहेरच्या एका रात्रीमागे जेमतेम ४२ रुपयांचा. एवढ्यासाठी कोणी घर सोडावे, असे मला वाटत नाही.

हाच चालक पुढे ट्रेलरवर किंवा टँकरवर गेला आणि पगार २५,००० झाला, तर बाकी खर्च तेच राहून शिल्लक २२,६०० वर जाते आणि रात्रीमागचा फरक ३०० रुपयांच्या पुढे सरकतो. त्यामुळे पहिल्या नोकरीत पगाराइतकेच महत्त्व त्या मालकाकडे मोठी गाडी केव्हा मिळते या प्रश्नाला द्यावे. ज्वलनशील व रासायनिक मालाच्या टँकरसाठी लायसन्सवर धोकादायक मालाची वेगळी नोंद लागते; तिचे प्रशिक्षण तीन दिवसांचे असते, आणि त्यासाठी एक भारतीय भाषा व इंग्रजी वाचता-लिहिता येणे आवश्यक असते. तीन दिवसांच्या मोबदल्यात कामाची एक वेगळी वाट खुली होत असल्याने हा खर्च मी लवकर करण्याजोगा मानतो.

उक्त्या फेरीत आकर्षण मोठे आणि धोकाही मोठा असतो. भिवंडी ते दिल्ली सुमारे १,४०० किलोमीटर, म्हणजे जाऊन-येऊन २,८०० किलोमीटर होतात. गाडीने लिटरला ४ किलोमीटरचे अ‍ॅव्हरेज दिले, तर ७०० लिटर डिझेल लागते; तेच ३.८ वर आले, तर सुमारे ३७ लिटर जास्त जाते आणि ९० रुपये दराने ३,३०० रुपये चालकाच्या खिशातून कमी होतात. अ‍ॅव्हरेज घसरण्यामागे चालकाच्या सवयींइतकीच जुनी इंजिने, कमी हवेचे टायर, घाट आणि प्रमाणाबाहेरचे वजन ही कारणे असतात, व त्यांतील बरीचशी मालकाच्या हातात असतात. म्हणून त्याच गाडीवर आधी काम केलेल्या चालकाला तिचे भरलेले आणि रिकामे अ‍ॅव्हरेज विचारल्याशिवाय उक्ता व्यवहार स्वीकारू नये. न्हावा शेवा बंदराबाहेर किंवा गोदामाच्या फाटकावर गाडी दोन दिवस अडकली, तर त्या दिवसांचा भत्ता मिळणार का, आणि माल उतरवण्याची वाराई, म्हणजे हमाली, कोणी द्यायची, हेही आधीच ठरवून घ्यावे.

दंडाचा प्रश्न स्पष्टपणे बोलण्यास पुष्कळजण संकोचतात. क्षमतेपेक्षा जास्त माल भरल्यास २०,००० रुपये आणि वरच्या प्रत्येक टनामागे २,००० रुपये दंड आहे. वजन मालक व माल पाठवणारा ठरवतात, पण वजनकाट्यावर उभा राहतो तो चालक. हा दंड आपल्या पगारातून कापला जाणार नाही, हे निदान मोबाइलवरील संदेशात तरी लेखी घ्यावे.

उचल, म्हणजे पगारापोटी आगाऊ घेतलेले पैसे, हा याहून गंभीर विषय आहे. नोकरी लागतानाच ५०,००० रुपयांची उचल मिळते, घरातली एखादी नड भागते, आणि दरमहा ३,००० रुपये कापले गेले तरी ती फिटायला १७ महिने लागतात. त्या काळात पगार थकला किंवा गाडी धोकादायक अवस्थेत असली, तरी चालकाला दुसरीकडे जाता येत नाही. कितीही नड असली, तरी एका महिन्याच्या पगारापेक्षा जास्त उचल घेऊ नये, आणि प्रत्येक कपात स्वतःच्या वहीत तारखेसह लिहावी, असे मी आग्रहाने सांगतो.

विमा स्वस्त असूनही मागे पडतो. प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजनेत वर्षाला २० रुपयांत अपघाती मृत्यूसाठी २ लाखांचे संरक्षण मिळते, आणि जीवन ज्योती योजनेत ४३६ रुपयांत कोणत्याही कारणाने झालेल्या मृत्यूसाठी २ लाखांचे. दोन्ही हप्ते बँक खात्यातून आपोआप कापले जातात. ही रक्कम कुटुंबासाठी पुरेशी नाही, त्यामुळे भविष्य निर्वाह निधी (पीएफ) आणि कामगार राज्य विमा (ईएसआय) कापणाऱ्या मालकाकडे हातात हजार-दोन हजार कमी मिळत असले, तरी ती नोकरी सरस समजावी.

काही वर्षे गेल्यावर स्वतःची गाडी घेण्याचा विचार येतोच. जुन्या दहाचाकी ट्रकसाठी १५ लाखांचे कर्ज १५ टक्के व्याजाने चार वर्षांसाठी घेतले, तर हप्ता सुमारे ४१,७०० रुपये बसतो. एका टायरला २२,००० रुपये धरल्यास दहा टायर २ लाख २० हजारांचे होतात. ते एक लाख किलोमीटर चालले, तर किलोमीटरमागे २ रुपये २० पैसे झिजतात, म्हणजे महिन्याला ७,००० किलोमीटर धावणाऱ्या गाडीने १५,४०० रुपये बाजूला ठेवायलाच हवेत, जरी त्या महिन्यात एकही टायर बदलला नसला तरी. अवजड ट्रकच्या केवळ थर्ड पार्टी, म्हणजे दुसऱ्याच्या नुकसानीसाठीच्या, विम्याचा वार्षिक हप्ताच ४०,००० च्या वर जातो. तो विमा, परमिट, कर आणि फिटनेस (गाडी चालण्यायोग्य असल्याचे प्रमाणपत्र) मिळून महिन्याला ९,०००, दुरुस्ती १२,००० आणि स्वतःची मजुरी २५,००० धरली, की डिझेल, टोल आणि वाटखर्च भागवून महिन्याला १,०३,१०० रुपये उरले पाहिजेत. ७,००० किलोमीटरवर हे किलोमीटरमागे जवळजवळ १५ रुपये होतात, आणि त्यात रिकामे धावलेले किलोमीटरही मोजायचे असतात. परतीचे भाडे न मिळाल्याने गाडी महिन्याला ५,००० किलोमीटरच चालली, तर हाच आकडा २० रुपयांच्या जवळ जातो, कारण हप्ता गाडी उभी असली तरी थांबत नाही. शिवाय भाड्याची उरलेली रक्कम पोच जमा केल्यावर महिना-दोन महिन्यांनी येते, आणि डिझेल मात्र रोखीने भरावे लागते.

जुनी गाडी स्वस्तात मिळते म्हणून घाई करू नये. नॅशनल परमिट, म्हणजे इतर राज्यांतही माल नेण्याचा परवाना, साध्या दोन आसांच्या ट्रकला १२ वर्षांपर्यंत आणि दोनाहून जास्त आसांच्या मल्टिअ‍ॅक्सलला १५ वर्षांपर्यंतच मिळते. कर्ज चार वर्षांचे आणि परमिटची मुदत त्याआधी संपणारी असेल, तर शेवटचे हप्ते राज्यातल्या राज्यात मिळणाऱ्या भाड्यांवर फेडावे लागतील. आठ वर्षांपुढील गाडीला फिटनेसही दरवर्षी करावा लागतो. बयाणा देण्यापूर्वी नोंदणी पुस्तकावर जुन्या कर्जाचा बोजा शिल्लक आहे का, कर आणि ई-चलान थकले आहे का, हे परिवहनच्या संकेतस्थळावर पाहावे, आणि तीन हप्त्यांएवढे, म्हणजे सव्वा लाख रुपये, गाडीच्या किमतीव्यतिरिक्त खात्यात शिल्लक राहत नसतील, तर आणखी एक वर्ष दुसऱ्याच्या गाडीवर चालवावे.