शेवाळापासून जैवइंधन: कोकण किनाऱ्यावर या चुका टाळा

ओहोटीला कातळावर उघडे पडणारे सरगॅसम किंवा उल्व्हा गोळा करून त्यातून डिझेल काढता येईल, असे अनेकांना वाटते. या मोठ्या समुद्री शेवाळांत तेल सुक्या वजनाच्या जेमतेम काही टक्केच असते. त्यांचा उपयोग बायोगॅससाठी करावा, तोही मीठ धुऊन काढल्यावर, कारण जास्त मिठाने गॅस तयार करणारे जिवाणू मंदावतात. बायोडिझेलसाठी नॅनोक्लोरॉप्सिस, टेट्रासेल्मिस यांसारखे सूक्ष्मशेवाळ लागते, जे कोळंबीच्या बीजोत्पादन केंद्रांत पिल्लांना खाद्य म्हणून वाढवले जाते.

सर्वांत महागात पडते ती जागेची निवड. रत्नागिरी-राजापूरकडचा कातळसडा, म्हणजे जांभ्या खडकाचे पठार, ओसाड म्हणून शेवाळ वाढवण्याच्या तलावासाठी सुचवला जातो. सडा मुळात ओसाड नाही. पावसाळी रानफुले आणि कातळशिल्पे तिथेच आहेत. शिवाय जांभ्यातून पाणी झिरपते, म्हणून तळाला अस्तर लागतेच. पण खरी अडचण चढाची आहे. उघड्या तलावात दर लिटरमागे साधारण अर्धा ग्रॅम सुके शेवाळ मिळते, असे धरू. त्यात २० टक्के तेल असले, तर १ लाख लिटर पाण्यातून १० किलो तेल हाती येते. तेवढे पाणी खाडीतून ८० मीटर उंचावर चढवायला पंपाची कार्यक्षमता ५० टक्के धरल्यास सुमारे ४४ युनिट वीज लागते, आणि त्या १० किलो तेलावर जनरेटर चालवला तर साधारण ३५ युनिटच मिळतात. पाण्याचा फेरवापर केल्याशिवाय असा प्रकल्प इंधन देत नाही, खातो. खाली खाजणात, म्हणजे खाडीकाठच्या खाऱ्या दलदलीत, उतरताना मात्र कांदळवनाला हात लावू नये. ते कायद्याने संरक्षित आहे आणि किनारा राखणारेही तेच आहे. भरतीचे पाणी आपोआप येईल असे बंद पडलेले कोळंबी तलाव, रीतसर परवानगी घेऊन, वापरणे मला अधिक शहाणपणाचे वाटते.

कोरड्या प्रदेशातील तलावाचा आराखडा जसाच्या तसा उचलणे ही पुढची चूक. १,००० चौरस मीटरच्या, २५ सेंटिमीटर खोल तलावात अडीच लाख लिटर पाणी मावते. जुलैतल्या एका दिवसात १०० मिलिमीटर पाऊस पडला, तर त्यात १ लाख लिटर गोड पाण्याची भर पडते आणि दर हजारी ३५ असलेली क्षारता २५ वर येते. असे दोन-तीन दिवस लागोपाठ गेले की खाऱ्या पाण्याचे शेवाळ मागे पडून उपरे शेवाळ आणि त्याला खाणारे सूक्ष्मजीव माजतात. म्हणून मृग लागण्यापूर्वीच काढणी करावी, मूळ बियाणे छपराखाली जपावे आणि उघडा तलाव ऑक्टोबर ते मे चालवावा. उन्हाळ्यात उलटे घडते: बाष्पीभवनाने घटलेली पातळी खाडीच्या पाण्याने भरून काढत राहिल्यास क्षारता चढतच जाते. ती तूट गोड्या पाण्याने भरावी आणि क्षारता रोज मोजावी.

हिरवे पाणी एक-दोन दिवसांत तपकिरी किंवा निवळ झाले, तर घाईने खत टाकू नये. आधी थेंबभर पाणी सूक्ष्मदर्शकाखाली पाहावे. रोटिफर (शेवाळ खाणारे सूक्ष्म प्राणी) दिसले, तर उरलेले शेवाळ लगेच काढून, तलाव धुऊन, सुकवून नव्या बियाण्याने सुरुवात करावी. तेल वाढावे म्हणून नत्र तोडण्याचा उपायही पहिल्या दिवसापासून करू नये. नत्राविना वाढ खुंटते, त्यामुळे टक्केवारी वाढूनही एकूण तेल घटते. आधी भरघोस वाढ होऊ द्यावी, नत्र शेवटच्या टप्प्यात रोखावे.

काढलेला लगदा कोकणातल्या दमट हवेत लवकर कुजतो आणि इंधन जाळून सुकवला तर हिशोब पुन्हा तोट्यात जातो. उन्हात पातळ थर देऊन सुकवता येत नसेल, तर ओला लगदा सरळ बायोगॅसला द्यावा.

सुकलेल्या शेवाळातून काढलेल्या तेलाचे डिझेल करण्यासाठी त्यावर अल्कली घालून मिथेनॉलची प्रक्रिया केल्यावर डिझेल आणि ग्लिसरीनचे थर वेगळे न होता साबणासारखा फेसाळ गोळा झाला, तर तेलात पाणी किंवा मुक्त मेदाम्ले (तेलातून सुटी झालेली आम्ले) राहिली आहेत, असे समजावे. पुढच्या खेपेला तेल तापवून त्यातले पाणी आधी उडवावे, आणि मेदाम्ले १ टक्क्याहून जास्त असल्यास अल्कली वापरण्यापूर्वी आम्ल उत्प्रेरकाची पायरी घ्यावी. मिथेनॉल विषारी व ज्वलनशील असल्याने हे काम मोकळ्या हवेत, चुलीपासून दूर करावे.